शराटीची ममी आणि मंत्र्यांचा सवाल

जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत भरलेल्या एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनला निकालात काढले. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी सांगितलेले नाही, कोणी लिहूनही ठेवलेले नाही, हा त्यांचा मुद्दा. मुंबईचे पोलीस आयुक्तपद भूषवलेल्या गृहस्थांना प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवासा वाटावा, हे समजू शकते. पण साक्षीदार नसला की परिस्थितिजन्य पुरावा गोळा करतात, हेही त्याच खात्यात शिकवतात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी संयुक्त पत्रक काढले, चार दिवस थट्टा झाली आणि विषय मागे पडला. थट्टेची थोडी घाईच झाली म्हणायची. कारण हाच आक्षेप दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये घेतला गेला होता आणि घेणारा त्या काळातला शरीररचनेचा सर्वांत मोठा जाणकार होता.

नेपोलियनने १७९८ मध्ये इजिप्तवर स्वारी केली, तेव्हा फौजेबरोबर विद्वानांचा एक ताफाही नेला. त्यातला प्राणिशास्त्रज्ञ एतिएन जोफ्रुआ १८०२ मध्ये परतला तो प्राचीन थडग्यांतल्या प्राण्यांच्या ममी घेऊन. मांजरे होती, मगरी होती आणि इजिप्तच्या लोकांनी पवित्र मानलेला शराटी होता. आपल्या तळ्याकाठी दिसणाऱ्या पांढऱ्या शराटीचा जवळचा भाऊबंद. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या जॉर्ज क्युव्हिएने, म्हणजे वर उल्लेखलेल्या त्या जाणकाराने, ममीतली हाडे मोजली आणि त्या काळच्या शराटीच्या हाडांशी ताडून पाहिली. फरक नाही. दोन-तीन हजार वर्षांत पक्षी जिथल्या तिथे असेल, तर जीवजाती बदलतात हे कशावरून? उत्क्रांतीच्या कल्पनेची पुराव्यानिशी घेतलेली ही बहुधा पहिली परीक्षा आणि तीत ती कल्पना सपशेल नापास ठरवली गेली.

त्याच संग्रहालयात, खालच्या मानल्या जाणाऱ्या खात्यात, लामार्क होता. मूळचा सैनिक, मग वनस्पतिशास्त्रज्ञ. १७९३ मध्ये संग्रहालयाची नवी रचना झाली, तेव्हा ‘कीटक आणि कृमी’ हे दुर्लक्षित खाते पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याच्या गळ्यात पडले. या नकोशा गर्दीला ‘अपृष्ठवंशी’ हे नाव दिले ते त्यानेच. शिंपल्यांचे ढीग लावताना एक जात कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे ठरवणे त्याला अवघड जाऊ लागले आणि मे १८०० मधल्या व्याख्यानात त्याने जीवजाती बदलतात असे उघड सांगितले.

ममींचा आक्षेप त्याने टाळला नाही. १८०९ च्या ‘फिलॉसॉफी झूओलॉजिक’ या ग्रंथात त्याचे उत्तर आहे. इजिप्तचे हवापाणी ममी बांधल्या गेल्या तेव्हा होते तसेच आजही आहे, मग तिथला पक्षी बदलेल कशाला? बदलला असता तर नवल! आणि माणसाला प्रदीर्घ वाटणारी ही दोन-तीन हजार वर्षे पृथ्वीच्या वयापुढे खिजगणतीतही नाहीत. लामार्कचा आश्रयदाता ब्यूफाँ याने तापवलेले लोखंडी गोळे निवायला लागणारा वेळ मोजून पृथ्वीचे वय सुमारे ७५ हजार वर्षे काढले होते. लामार्कचे तेवढ्याने भागणारे नव्हते. मोजमाप क्युव्हिएचे बिनचूक होते. काळाचा अंदाज लामार्कचा सरस होता.

या माणसाची ओळख आपल्या शाळांत जिराफाच्या मानेपुरती उरली आहे. त्या जाडजूड ग्रंथात जिराफाला मिळालेला मजकूर जेमतेम एका परिच्छेदाचा. कमावलेले गुण संततीत उतरतात ही समजूत लामार्कच्या आधीपासून सार्वत्रिक होती आणि खुद्द डार्विनने १८६८ मध्ये तिच्यासाठी वेगळी उपपत्तीही मांडली. तरी हसे झाले ते एकट्या लामार्कचे. त्याला क्युव्हिएचा मृत्युलेखही कारणीभूत आहे. लामार्क १८२९ मध्ये अंध आणि निर्धन अवस्थेत गेला. १८३२ मध्ये अकादमीत वाचला गेलेला हा लेख श्रद्धांजलीच्या नावाखाली केलेली उत्तरक्रियाच होती: इच्छा केली की अवयव उगवतो, असे त्याच्या मताचे विडंबन तिथून पसरले.

पण क्युव्हिएला खलनायक करून भागत नाही. सायबेरियातला मॅमथ आजच्या दोन्ही हत्तींहून वेगळा आहे आणि तो पृथ्वीतलावरून नाहीसा झाला आहे, हे त्याने १७९६ मध्येच दाखवले होते. जाती नष्ट होतात हे डार्विनच्या मांडणीला अत्यावश्यक, आणि लामार्कला तेच मान्य नव्हते. त्याच्या मते जुन्या जाती बदलून आजच्या झाल्या होत्या. म्हणजे उत्क्रांतीच्या विरोधकाने तिचा एक खांब रोवला आणि समर्थकाने तो नाकारला. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स लायेलने भूविज्ञानावरच्या आपल्या ग्रंथाचा दुसरा खंड लामार्कला खोडून काढण्यात बराच खर्ची घातला. त्या खंडनामुळेच अनेक इंग्रज वाचकांना लामार्क कळला. वीस वर्षांच्या हर्बर्ट स्पेन्सरला तर खंडन वाचून लामार्कचेच म्हणणे पटले! डार्विनच्या हाती हा खंड १८३२ मध्ये, सफरीवर असताना, माँटेव्हिडिओला पडला.

इकडे आपल्याकडे एनसीईआरटीने २०२३ च्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नुसते ‘आनुवंशिकता’ झाले. कारण सांगितले अभ्यासाचे ओझे. अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी विरोध नोंदवला. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती आहे आणि लामार्कही. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात विषय आहे, असे सांगितले जाते. बरोबर आहे. पण दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे वळणाऱ्यांच्या वाट्याला ते पुस्तक येत नाही. ‘कोणी पाहिले?’ हा मंत्र्यांचा सवाल या मुलांपर्यंत मोबाइलवरून पोचेलच. शराटीची हाडे मोजणारा क्युव्हिए आणि त्याला उत्तर देणारा लामार्क, दोघेही पोचणार नाहीत.