विमानतळाबाहेर आफ्रिका असते!

पंढरीच्या वाटेवरचा म्हसोबासुद्धा न चुकवणारा मराठी माणूस विमानात बसला की त्याचे काय होते, कोण जाणे! हल्ली मुंबईहून आफ्रिकेला, युरोपला नि अमेरिकेला जाणारी आपली पुष्कळ मंडळी इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला, विमान बदलतात. पुढच्या विमानाला कधी दोन तास असतात, कधी आठ, कधी बारा. एवढा वेळ दुबईत मिळाला तर हीच मंडळी उंच मनोरे पाहून येतील. फ्रँकफुर्टला मिळाला तर नदीकाठी फोटो काढून घेतील. अदिस अबाबाला मात्र बोले विमानतळाच्या बाकावर पिशव्या उराशी धरून बसतात, दशम्या सोडतात आणि गावी परतल्यावर विचारतात, "आफ्रिकेत काय हो पाहायचंय?"

हा प्रश्न दिसायला भोळा आहे. पण त्याच्या पोटात तुच्छता आहे. दिवाळीला आपण घर झाडायला काढतोच, तेव्हा हे जळमटही काढावे एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. जगप्रवासी म्हणून मिरवण्याची माझी ऐपत नाही. पुतण्याच्या कृपेने दार-ए-सलामला जाण्याचा योग आला आणि वाटेत अदिस अबाबाला सबंध दिवस मोकळा मिळाला. तिकिटे काढून देणाऱ्या गृहस्थांनी बजावले होते, "मास्तर, बाहेर पाऊल टाकू नका. तिथं बघण्यासारखं काही नाही नि खाण्यासारखं तर नाहीच नाही." मी व्हिसाची व्यवस्था आधीच केली होती, सामान परस्पर पुढे जाणार होते. तेव्हा बाहेर पडलो. गृहस्थांची दोन्ही विधाने दुपारपर्यंत निकालात निघाली.

आधी खाण्याचे घेऊ, कारण आपला खरा धसका तोच. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास ऐकले तर आपली एकादशी लाजेल. दर बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी, दूध सारे वर्ज्य. शिवाय मोठमोठे उपासकाळ वेगळेच. त्यामुळे उपासाचे ताट म्हणून मागा, निव्वळ शाकाहारी जेवण पुढे येते. तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेला, आपल्या आंबोळीची थोरली बहीण शोभेल असा इंजेरा. त्यावर मसुरीची तिखट आमटी, पालेभाजी आणि 'शिरो'. शिरो म्हणजे बहुधा हरभऱ्याच्या पिठाचे कालवण. पिठले हो, पिठले! पिठल्याच्या गावी जाऊन आपली माणसे बाकावर कोरडी दशमी चावीत बसतात, याला काय म्हणावे?

आता पाहण्याचे. शहर समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरांहून उंच, म्हणजे आपले कळसूबाईचे शिखरही त्याच्या खालीच राहील. विमानतळ शहराला चिकटून. राष्ट्रीय संग्रहालयात १९७४ साली हदार येथे सापडलेल्या 'ल्यूसी'च्या सांगाड्याची प्रतिकृती आहे. वय सुमारे ३२ लाख वर्षे, उंची जेमतेम साडेतीन फूट. तिकडे तिला 'दिंकिनेश' म्हणतात. म्हणजे 'तू अद्भुत आहेस'. आपल्या कुलवृत्तांतांत चारशे वर्षे मागे गेलो की आपली छाती फुगते. इथे तर साऱ्या माणूसजातीच्या कुळकथेचे पहिले पान उघडे आहे. १८९६ साली अडव्याच्या रणात सम्राट मेनेलिकाच्या सैन्याने इटलीची फौज धुळीस मिळवली, त्या विजयाचे भव्य स्मारक २०२४ पासून शहराच्या मध्यभागी उभे आहे. त्या वेळी आपण राणीच्या राज्याचे गोडवे गात होतो.

तिथले घड्याळही पाहण्यासारखे. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजतो, कारण दिवस उजाडण्यापासून मोजायचा. आपले घटिकापात्र दुसरे काय करीत होते? वर्षाला महिने तेरा. बारा तीस-तीस दिवसांचे, तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. अधिक मासाची सवय असलेल्यांनी याला हसू नये.

कॉफी मूळची त्याच देशातली. डोळ्यांदेखत बिया भाजून, कुटून, मातीच्या 'जेबेना'तून ती ओततात. अशाच एका दुकानात शेजारच्या वृद्ध गृहस्थांना मी भारतातला शिक्षक असल्याचे कळले, तेव्हा ते उठून उभे राहिले. त्यांना गणित शिकवायला भारतीय मास्तर होते म्हणे. खरेच आहे ते. सम्राट हायले सेलासी यांच्या काळात, १९५० नि १९६० च्या दशकांत, आपले शेकडो शिक्षक तिथल्या शाळांतून शिकवीत होते.

ते आपल्या मास्तरांना विसरले नाहीत. आपण त्यांच्या कोणाची आठवण ठेवली? इथिओपियात जन्मलेले एक पोर गुलाम म्हणून विकले गेले, हिंडत हिंडत दख्खनेत आले आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाले. त्याचे नाव मलिक अंबर. त्याने १६१० साली वसवलेल्या खडकीचे आज छत्रपती संभाजीनगर झाले आहे. त्याने शहराला नहरीचे पाणी दिले, जमीनमहसुलाची घडी बसवली, गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याची कबर खुलताबादला आहे. एवढे असून 'हबशी' हा शब्द आपण कशासाठी वापरतो? वर्गातल्या सावळ्या पोराला चिडवायला! तिकडची माणसे स्वतःला अभिमानाने 'हबेशा' म्हणवतात. आपल्याकडे त्याची शिवी झाली. पोरे ती शिवी शाळेत शिकत नाहीत, घरून आणतात, हे मी मास्तर म्हणून सांगतो.

कोणी म्हणेल, "मास्तर, तिथं चोऱ्या होतात." दादरच्या पुलावर होत नाहीत वाटते? पाकीट आतल्या खिशात ठेवावे, हा नियम दोन्हीकडे सारखा. त्या देशात २०२० ते २०२२ या काळात टिग्रे प्रांतात भीषण युद्ध झाले हे खरे. तेव्हा निघण्यापूर्वी सरकारी सूचना वाचाव्यात, व्हिसाचा नियम विचारावा, मधला वेळ आठ तासांहून कमी असेल तर मुकाट्याने आतच बसावे आणि विमानाच्या तीन तास आधी परतावे. ही सावधगिरी झाली, ती हवीच. परंतु पॅरिसला जिला 'थरार' म्हणायचे तिलाच अदिस अबाबाला 'धोका' म्हणायचे, ही सावधगिरी नव्हे. ती गोऱ्या साहेबाने शिकवलेली आणि आपण आजवर घोकत आलेली उतरंड आहे.

तेव्हा वाचकहो, फराळाच्या डब्यासह परदेशी निघालेल्या आपल्या मुलासुनांना एवढे सांगा. वाटेत आफ्रिकेत वेळ मिळाला तर नातवंडांचा हात धरा आणि बाहेर पडा. ल्यूसी दाखवा, शिरो चाखवा, मलिक अंबर कुठला ते त्याच भूमीवर उभे राहून सांगा. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी खुशाल बाकावर बसावे. फक्त परत आल्यावर 'आम्ही आफ्रिका पाहिली' असे कोणाला सांगू नये.