एंजिनाची ओढ

मोटारीची काच पुसणाऱ्या दांडीला मराठीत अजून धड नाव नाही. कोशकारांनी काही सुचवले असले तरी रस्त्यावर तो वायपरच. आणि वायपर म्हटला की तो विजेवर चालणार, असे आजचा वाचक धरून चालतो. परंतु १९५० च्या आसपासच्या अमेरिकन मालट्रकांपैकी पुष्कळांचे वायपर विजेवर चालत नसत; ते एंजिनाच्या श्वासावर चालत.

ही युक्ती मोठी गमतीची आहे. पेट्रोल एंजिन हवा आत ओढते आणि त्या वाटेवर एक झडप असते. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की झडप जवळजवळ मिटते, एंजिन हवेसाठी आसुसते आणि झडपेपलीकडे हवेचा दाब पार उतरतो. पाऱ्याच्या मापाने १८ ते २० इंच! तिथून एक रबरी नळी काचेजवळच्या अर्धगोल डबीत न्यायची. डबीत एक पाते. ओढ कधी त्याच्या एका अंगाला, कधी दुसऱ्या. पाते हेलकावे खाते आणि वायपर डुलतो. तेव्हाच्या ६ व्होल्टच्या बॅटरीवर भार नाही, खर्च नाही.

खोड एकच. चढावर पाय दाबला की झडप सताड उघडते, ओढ शून्यावर येते आणि वायपर काचेच्या मध्यावर खांब होऊन उभा राहतो. म्हणजे पाऊस, चढ आणि वळण एकत्र आले की नेमका हा गडी बसणार! पुढे पेट्रोलच्या पंपालाच ओढीचा जादा पडदा जोडून कारखानदारांनी त्यावर थोडाफार इलाज केला, पण तो प्रत्येक गाडीला कुठला असायला?

आमच्या कोल्हापुरात एका स्नेह्यांकडे असा ट्रक आहे. त्यांचे वडील त्यातून गूळ घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीला जात. आषाढात त्या घाटात पाऊस कसा कोसळतो, हे ज्याने पाहिले त्याला सांगायला नको, आणि ज्याने पाहिले नाही त्याला सांगून उपयोग नाही. वडील चढावर मध्येच पाय उचलीत, वायपर दोन हात मारी, मग पुन्हा पाय. गाडी उचक्या देत घाट चढे. वडील गेले, पेट्रोलचे एंजिन केव्हाच दमले होते. गेल्या वर्षी स्नेह्यांनी एका हलक्या ट्रकचे डिझेल एंजिन त्यात बसवून घेतले. कागदपत्रांची कथा वेगळी. ती इथे नको.

गाडी गुरगुरत सुरू झाली. वायपर मात्र ढिम्म.

उद्यमनगरातले मिस्त्री म्हणाले, “डिझेलला ओढ कुठनं येणार, सर? त्याच्या हवेच्या वाटेला दारच नाही. हवा येईल तेवढी येऊ दे, कमीजास्त करायचं ते तेल.”

भौतिकशास्त्राची पुस्तके ‘निर्वात’ म्हणतात, मिस्त्री ‘ओढ’ म्हणतात. एम. ए. च्या वर्गात बसवावा असा हा शब्द आहे! शिवाय तो अचूक आहे. पेट्रोल एंजिन उपाशी असते म्हणून ओढते. बहुतेक डिझेल एंजिने पोटभर हवा घेतात, त्यांना ओढ कशाची?

ओढ अगदीच नव्हती असे नाही. नव्या एंजिनाच्या अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप होता. “त्यालाच एक टी मारा,” स्नेही म्हणाले. मिस्त्री गप्प झाले. मग त्यांनी जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटले. त्या ओढीवर पहिला हक्क ब्रेकचा. वायपरची जुनी डबी गळकी असते, पात्याच्या कडा वाळून गेलेल्या असतात. ती नळी ब्रेकच्या टाकीला जोडली तर उतारावर वायपर ब्रेकचा घास खाणार. म्हणून टी घ्यायची ती पंपाच्या बाजूला, ब्रेकच्या एकमार्गी झडपेच्या अलीकडे. वायपरच्या नळीत सुईएवढ्या भोकाची चकती, म्हणजे नळी फाटली तरी गळती बेताची. आणि ती बंद करायला एक कॉक. डबी जी हवा आत घेते ती पंपातून एंजिनाच्या तेलात जाते, म्हणून तोंडाशी गाळणीही हवी.

“एवढं करण्यापेक्षा,” मिस्त्री म्हणाले, “१२ व्होल्ट झालेतच की. विजेची मोटर टाका नि मोकळे व्हा.”

स्नेह्यांचा चेहरा पडला. मी मिस्त्रींच्या बाजूने बोललो. घाटात समोरचे दिसले नाही तर वडिलांची आठवण दरीतच जायची. तासभर वाद झाला, दोन चहा झाले. शेवटी चालकापुढे विजेचा वायपर आणि डाव्या काचेवर मिस्त्रींच्या साऱ्या अटी पाळून जुना, असे ठरले. ट्रकचे जुनेपण जपणाऱ्या हौशी लोकांना ही भेसळ खपणार नाही. त्यांनी खुशाल नाके मुरडावीत, पण आषाढात आंबा घाट उतरून मग बोलावे.

यंदा त्याच ट्रकने आम्ही साखरप्याला जाऊन आलो. स्नेह्यांच्या मातोश्रींनी डावीकडची जागा सोडली नाही, मी मध्ये. परतीच्या चढावर पावसाने गाठले. विजेचा वायपर शाळेच्या कवायतीसारखा एक-दोन, एक-दोन. डावीकडचा आपल्याच तंद्रीत, पण चालत होता. पंप एंजिनाबरोबर फिरतो. चढावर एंजिन जोरात, म्हणून वायपरही जोरात. त्याचा जुना स्वभावच उलटा झाला होता.

मातोश्रींना हे कोण सांगणार? एका वळणावर काच धूसर झाली तशा त्या म्हणाल्या, “पाय उचल की रे जरा, पुसू दे त्याला.”

स्नेह्यांनी पाय उचलला. एंजिन मंदावले आणि वायपरही. मातोश्रींनी काचेकडे पाहिले, मग मुलाकडे. “तुझ्या बापाला जमत होतं,” त्या म्हणाल्या आणि पदराने आतून काच पुसू लागल्या.