झाकण उघडू नये

बटाटे शिजायला चार तास लागतात, असं कुणी मला पुण्यात सांगितलं असतं तर मी त्या बटाट्यांच्या वयाची चौकशी केली असती. पण इथे न्यू जर्सीत सूनबाई फ्रिजवर चिकटवलेला कागद वाचून दाखवत होती आणि तिच्या चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नव्हता. पाच पौंड बटाटे, एक कप पाणी, मीठ, लोणी, आणि स्लो कुकर ‘हाय’वर चार तास. मी म्हटलं, अगं, मी पुण्याहून आणलेला कुकर आहे की. तीन शिट्ट्या. त्यावर ती फक्त हसली. सुना अशा हसतात तेव्हा विषय संपलेला असतो.

माझं आणि यंत्रांचं नातं वाचकांना नव्याने सांगायला नको. मागे मी डिशवॉशरवर लिहिलं होतं, त्या लेखानंतर आलेली पत्रं अजून माझ्या बॅगेत आहेत. ‘ताई, तुम्ही जुन्या वळणाच्या’ म्हणणारे आणि ‘भांडी आधी विसळूनच आत ठेवायची तर यंत्र हवं कशाला’ म्हणून माझ्या बाजूने उभे राहणारे, दोन्ही पक्ष तुल्यबळ आहेत. त्यामुळे या आठवड्यात पुन्हा यंत्रावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण थँक्सगिव्हिंग आलं. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार. शेजारणीने जेवायला बोलावलं, टर्की ती करणार, बाकीच्यांनी एकेक पदार्थ आणायचा. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर आमच्या वाट्याला बटाटा आला. शाकाहारी माणसाच्या हाती बटाटा सोपवायचा, हा न्याय सगळ्या जगात सारखाच असावा. निरोपात मॅश्ड पोटॅटोच्या आधी ‘क्रीमी’ असा शब्द होता आणि त्याखाली रेघ होती.

चार तासांचं कारण मुलाने समजावून सांगितलं. त्या दिवशी शेजारणीचा ओव्हन सकाळपासून टर्कीने अडवलेला, चारही शेगड्यांवर काही ना काही चढलेलं. तिथे जाऊन बटाटा गरम करायला जागा मागणं म्हणजे लग्नघरात इस्त्री मागण्यासारखं. आणि कुस्करलेला बटाटा गार झाला की घट्ट होतो, मग कुणी हात लावत नाही. स्लो कुकर कोपऱ्यात आपला आपण शिजवतो, त्याच भांड्यात बटाटा घोटायचा, तेच भांडं उचलून न्यायचं आणि तिथे ‘वॉर्म’वर ठेवून द्यायचं. हे ऐकल्यावर माझा निम्मा राग गेला. उरलेला निम्मा झाकणावर निघाला, ते पुढे सांगते.

आधी माहिती उरकते, कारण नातवाने ती मला शाळेच्या प्रकल्पासारखी सुनावली आहे. आयर्विंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन ज्यू संशोधकाने १९३६मध्ये या भांड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४०मध्ये त्याला ते मिळालं. मूळ कल्पना त्याच्या आईने सांगितलेल्या लिथुआनियातल्या आठवणींतली. शनिवार हा शब्बाथचा दिवस, त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घेवडा, बटाटे, मांस असं सगळं भरलेली ‘चोलेंट’ची हंडी गावच्या बेकरीत नेऊन द्यायची. पाव भाजून झालेल्या भट्टीच्या उरलेल्या उबेवर ती रात्रभर शिजायची. नॅक्सनने ती ऊब विजेच्या तारेत आणली. १९७०मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने हेच भांडं बाजारात आणलं. बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडू लागल्या होत्या, सकाळी भरून ठेवलं की संध्याकाळी जेवण तयार. झालं.

आता झाकण. या भांड्याचा एकच कडक नियम आहे : मधे झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की कोंडलेली वाफ जाते आणि ती भरून यायला वीस मिनिटं, कधी अर्धा तासही लागतो, कारण खालची ऊब अगदी मंद. झाकण काचेचं. मला वाटलं, चला, निदान बघता तरी येईल. कसलं काय! पंधरा मिनिटांत काच आतून धुरकट झाली. वाफेचे थेंब जमतात, जड झाले की काचेवरून घसरत कडेला जातात, तिथे भांड्याच्या काठाशी पाण्याची एक बारीक कड धरते आणि तीच आतली वाफ अडवून धरते. बघायला छान वाटतं. पण बटाटा दिसत नाही. दिसणारच नसेल तर काच कशाला, पितळी झाकण करा आणि वर ‘अमुकच्या स्मरणार्थ’ तरी कोरून घ्या.

आमच्या पिढीचं स्वयंपाकाचं शिक्षणच मुळी झाकण उघडून झालेलं आहे. आजोळी चुलीला वैल होता. मुख्य तोंडावर भाकरी चालायची आणि मागच्या वैलावर, नुसत्या फिरून आलेल्या आचेवर, दूध नाहीतर आमटी तासन्‌तास बसलेली असायची. मंद आचेचं कौतुक मला कुणी सांगायला नको. पण त्या वैलावरच्या भांड्यावरचं झाकण घरातली जाणारी-येणारी प्रत्येक बाई उचलायची. एक डाव फिरवायची, वास घ्यायची, शीत दाबून बघायची, सासूने घातलेलं मीठ कमी आहे अशी मनात नोंद करायची आणि पुढे जायची. न बघता, न ढवळता, न चाखता शिजतं ते अन्न, हे माझ्या बुद्धीला पटतं. हाताला पटत नाही.

इथे माझ्या हातावर पहारा बसवला होता. नातू आठ वर्षांचा. ओट्याशी उंच स्टूल ओढून बसला आणि मी त्या बाजूला वळले रे वळले की, ‘‘आजी, नो पीकिंग!’’ पाणी प्यायला गेले तरी नो पीकिंग. अखेर मला शास्त्रोक्त कारण सापडलं. पाणी एकच कप, त्यामुळे वरच्या फोडी उघड्या राहतात आणि उघडा बटाटा कडेने काळवंडतो. वरून लोण्याचे तुकडे पसरलेले असले तरी एखादी फोड चुकतेच. तेव्हा फोडी वरखाली करणं हे कर्तव्य होतं, डोकावणं नव्हे. मुलगा लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, ‘‘आई, तू उघडतेस म्हणूनच चार तास लागतात.’’

एक गुण मात्र मान्य करायला हवा. शेगडीवर भांडंभर पाण्यात बटाटे उकडले की ते पाणी ओतून द्यावं लागतं आणि बटाट्याची निम्मी चव मोरीत जाते. इथे ओतण्यासारखं काही उरतच नाही. फोडींनी ते कपभर पाणी पिऊन टाकलेलं होतं. बटाटा होता युकॉन गोल्ड. पिवळसर, पातळ सालीचा. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठात तयार झालेली ही जात १९८०मध्ये बाजारात आली. चवीला जात्याच लोण्यासारखी. रसेट नावाचा दुसरा, तपकिरी, पिठाळ बटाटाही इथे मॅशला चालतो. मंडईत आपण तळेगाव की इंदोरी असं विचारतो, तसं इथेही लोक बटाट्यासमोर थांबून विचार करताना पाहिले आणि बरं वाटलं.

मग आलं ते ‘क्रीमी’. लोण्याची एक अख्खी कांडी, क्रीम चीज अर्धं पाकीट, वाटीभर सावर क्रीम, कोमट दूध. मी एकेक वस्तू आत जाताना पाहत होते. बटाट्याचा आवाज हळूहळू बंद होत चालला होता. अमेरिकेला नावं ठेवणार होते, पण सुनेने फ्रान्सचं उदाहरण काढलं. जोएल रोबुशाँ हे तिथले नामांकित शेफ. त्यांची बटाट्याची प्युरे जगभर गाजली आणि त्यांच्या छापील कृतीत किलोभर बटाट्याला पाव किलो लोणी आहे. हॉटेलात याहून जास्त पडायचं, असं जाणकार म्हणतात. म्हणजे सूनबाईचा हात त्या मानाने आखडताच.

आंबट क्रीम शेवटी घालायचं, बटाटा पूर्ण शिजल्यावर. हे मला कुणी शिकवायला नको होतं. रस्स्यात चिंच आधी पडली की बटाटा दगडासारखा राहतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. आंबटाने बटाट्याच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, असं त्याचं कारण. दुसरा नियम, मिक्सर लावायचा नाही. पात्याने पेशी फाटतात, आतला स्टार्च मोकळा होतो आणि पतंग चिकटवायची खळ तयार होते. हाताने, मॅशरने, वरून खाली दाबत. ते काम मी मागून घेतलं, चार तास गप्प बसवल्यावर माणसाला काहीतरी हाणायला हवंच असतं. पण तिथेही सुनेची टोचणी, ‘‘आई, गाठी राहायला नकोत हं.’’ आता आपला बटाटा कुस्करायचा असतो. वड्याच्या सारणात, पिवळ्या भाजीत दाताखाली बटाटा लागलाच पाहिजे, नाहीतर खाल्लं काय? एकही गाठ नसलेला बटाटा दात नसलेल्यांसाठी असतो, हे माझं मत मी मनात ठेवलं आणि घोटत राहिले.

फोडणीबद्दल लगेच विचारू नका. मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, सगळं घरात होतं. मी काही केलं नाही. बरंच झालं, कारण शेजारणीकडे ताटात वाढल्यावर लक्षात आलं की या बटाट्याने स्वतः बोलायचंच नसतं. मध्ये डावाने खळगा करायचा आणि त्यात मश्रूमची ग्रेव्ही ओतायची, शेजारी क्रॅनबेरीचं आंबटगोड. मी दुसऱ्यांदा घेतला. सुनेने पाहिलं, पण काही म्हणाली नाही, एवढी ती गुणी आहे.

स्लो कुकर बाळगणाऱ्या इथल्या मराठी घरांना एकच गोष्ट दटावून सांगते, कारण बटाटा झाला की पुढची पाळी राजम्याची येते. भिजवलेला कच्चा राजमा थेट या भांड्यात घालू नका. राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते चांगली खळखळ उकळी दिल्याशिवाय मरत नाही, आणि या भांड्याची मंद आच कधीकधी तेवढी पोचत नाही. मग रात्रभर सगळं घर ओकत बसतं. आधी भिजवलेलं पाणी फेकायचं, नव्या पाण्यात शेगडीवर अर्धा तास खळखळून उकळायचा, मग कुठे ठेवायचा तिथे ठेवा.

राजम्यावरून आठवलं. महिन्याभरापूर्वी इथल्या मराठी मंडळींची दिवाळी झाली, एका शाळेच्या कॅफेटेरियात. स्टेजवर नाट्यसंगीत आणि मागच्या भिंतीला टेबलांवर ओळीने स्लो कुकर : मटकीची उसळ, छोले, पनीर, पावभाजीची भाजी, राजमा, गरम मसाला दूध, आणि एकात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही कारण झाकण उघडायचं नव्हतं. भिंतीत प्लगची जागा एकच. त्यात एक्स्टेन्शन, त्या एक्स्टेन्शनमध्ये दुसरं एक्स्टेन्शन, आणि टोकाला चहाचं भलंमोठं विजेचं भांडं. गायिकेने तान घेतली आणि फट्‌ करून सगळे लाल दिवे गेले. तिचा विजेवरचा तानपुराही गेला. ती बिचारी तशीच गात राहिली, पण ऐकतंय कोण?

सभागृहात निदान चाळीस इंजिनिअर असतील, त्यातले कितीतरी विजेचेच. सगळे भिंतीकडे धावले. खिशातून पेनं निघाली, कागदी नॅपकिनवर गणित सुरू झालं. एकशे वीस व्होल्ट, पंधरा अँपिअर, म्हणजे अठराशे वॅट. एका कुकरचे अडीचशे धरा, सातांचे साडेसतराशे, बसतंय. मग गेलं कशाने? चहाच्या भांड्याने, ते एकटंच पंधराशे खातं. गणित चोख होतं. फक्त पडलेलं बटण कुठल्या पेटीत आहे हे चाळिसांतल्या एकालाही माहीत नव्हतं. शेवटी शाळेचा रखवालदार आला, किल्ली काढली, बटण वर केलं आणि काय काढायचं ते आधी ठरवा म्हणाला.

तिथे खरी सभा भरली. पनीर अध्यक्षांच्या घरचं, त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. उसळवाल्या काकूंचं म्हणणं, आम्ही सगळ्यांच्या आधी आलो. मसाला दूध गार झालं तर साय धरते. राजम्याबद्दल मी वर लिहिलेलं तिथे बोलून दाखवलं, त्यावर राजमावाल्या माझ्याशी अजून बोलत नाहीत. कुणीतरी हळूच म्हणालं की गणिताप्रमाणे चहाच बंद करायला हवा. सभागृहात एकदम शांतता पसरली. तो ठराव मांडायला कुणी उभं राहीना, अनुमोदन तर लांबच. अखेर सातही कुकर काढले आणि चहा चालू ठेवला. अध्यक्ष म्हणाले, एकमताने.