वरची आवृत्ती कुणासाठी?

जे अजून जमिनीवर उभे राहिलेले नाही किंवा काळाच्या ओघात नाहीसे झाले, ते संगणकावर हुबेहूब उभे करून दाखवण्याचे काम आता अनेकांचे पोट भरते. बंगल्याची बाग आखणारे लँडस्केप आर्किटेक्ट, प्लॉटिंगच्या जाहिराती करणारे कलाकार, ॲनिमेशनचे विद्यार्थी, पडझड झालेल्या गडाचे मूळ रूप चितारू पाहणारे अभ्यासक या सगळ्यांना डोंगर, पाणी, झाडी आणि ऊन रेंडर करणारे सॉफ्टवेअर लागते. कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे हे बहुधा ठरलेले असते. गाडी अडते ती आवृत्तीपाशी. एक फुकट, एक मधली, एक प्रोफेशनल, आणि किमतींत कित्येक पटींचा फरक. शेजारी तुलनेचा तक्ता असतो, त्यात सर्वांत महागड्या रकान्यात सगळ्या खुणा भरलेल्या आणि स्वस्त रकान्यात रिकाम्या जागा. हाती मोजके पैसे असलेला माणूस तो तक्ता पाहून एक तर ओढाताण करून वरची आवृत्ती घेतो, नाही तर क्रॅक शोधायला लागतो. माझ्या मते हा तक्ता शेवटाकडून वाचायला हवा. आपल्या टेबलावरून काय तयार होऊन बाहेर जाणार आहे ते आधी लिहून काढावे, परवाना आणि फाइल बाहेर काढण्याची सोय या दोन जागी न अडणारी सर्वांत खालची आवृत्ती घ्यावी आणि वाचलेला पैसा संगणकात घालावा.

या म्हणण्याला सर्वांत बोलका पुरावा ‘व्ह्यू’ या सॉफ्टवेअरच्या इतिहासात आहे. फ्रान्समधल्या ई-ऑन सॉफ्टवेअर या कंपनीचे हे साधन एके काळी निसर्गदृश्यांच्या क्षेत्रातले मोठे नाव होते. २००६ साली आलेल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरेबियन : डेड मॅन्स चेस्ट’ या चित्रपटातल्या जंगलाच्या दृश्यांसाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीने ते वापरले होते. ‘व्ह्यू’च्या पायोनियर, एस्प्री, स्टुडिओ, कम्प्लीट, इन्फिनिट, एक्सस्ट्रीम अशा कितीतरी आवृत्त्या विकल्या गेल्या. सर्वांत वरच्या एक्सस्ट्रीमचे मुख्य वैशिष्ट्य काय, तर व्ह्यूमधले निसर्गदृश्य थेट मायासारख्या किंवा थ्रीडीएस मॅक्ससारख्या सॉफ्टवेअरच्या आत वापरता येणे. म्हणजे ज्याच्याकडे ती महागडी सॉफ्टवेअर आधीपासून आहेत त्यालाच तिचा उपयोग. तरीही ‘घ्यायचे तर पूर्णच घेऊ’ या विचाराने एकट्याने काम करणाराही तिकडे ओढला जाई. २०१५ साली बेंटली सिस्टिम्सने ई-ऑन विकत घेतली आणि २०२४ साली ‘व्ह्यू’चा विकास थांबवून शेवटची आवृत्ती सर्वांना विनामूल्य देऊन टाकली. ज्यांनी वर्षानुवर्षे वरच्या आवृत्तीचे पैसे मोजले आणि ज्यांनी काहीच मोजले नाही ते त्या दिवशी एका रांगेत आले. पैसे वसूल झाले ते मधल्या वर्षांत त्यावर काम करून मोबदला कमावलेल्यांचे. ‘पुढे कधी तरी लागेल’ म्हणून घेतलेली वैशिष्ट्ये तशीच पडून राहिली.

आवृत्त्यांमधला फरक बहुतेकदा मर्यादांचा असतो: चित्र किती मोठे काढता येईल, भूभाग किती बारकाईने घडवता येईल, झाडे किती पेरता येतील. या मर्यादा ऐकायला भीतीदायक वाटतात, पण त्या आपल्या कामाशी ताडून पाहिल्या की भीती बरीच ओसरते. फुल एचडी चित्रात सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, ४के चित्रात सुमारे ८३ लाख. ए३ कागदावर इंचाला ३०० ठिपके या दर्जाने छपाई करायची तर पावणेदोन कोटी पिक्सेल लागतात. २० बाय १० फुटांचे होर्डिंग दुरून पाहिले जाते. तिथे इंचाला २० ठिपके धरले तरी ४८०० बाय २४०० चित्र पुरते, म्हणजे ए३ छपाईपेक्षाही लहान. ज्याचे ग्राहक चित्र फोनवर पाहून होकार देतात, त्याने ८के चित्राच्या सोयीसाठी जादा पैसे का भरावेत? भूभागाचेही तसेच. फुकट आवृत्तीत भूभागाला दोन्ही बाजूंनी १०२४ बिंदूंची मर्यादा आहे असे समजू. दहा किलोमीटर रुंदीचा सह्याद्रीचा पट्टा उभारायचा असेल तर दोन बिंदूंमध्ये जवळपास दहा मीटर अंतर पडते आणि कडे बोथट दिसतात. तिथे वरची आवृत्ती घेण्याला खरे कारण आहे. पण दोन एकरांचा चौरस प्लॉट असेल तर त्याची बाजू साधारण ९० मीटर, आणि तेच १०२४ बिंदू दर नऊ सेंटिमीटरला एक असे बसतात. बागेतली पायरीसुद्धा त्यात नीट दिसेल. मर्यादा एकच, पण एकाला ती अडवते आणि दुसऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

ज्या वैशिष्ट्याकडे तक्ता वाचताना सर्वांत कमी लक्ष जाते, त्यावर मात्र मी जास्त भर देईन. ते म्हणजे आपण घडवलेला भूभाग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याची सोय. भूभागाची उंची बहुधा करड्या छटांच्या चित्राच्या रूपात साठवतात: काळे म्हणजे खाली, पांढरे म्हणजे वर. ८-बिट चित्रात अशा २५६ छटा मावतात, १६-बिट चित्रात ६५,५३६. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. समुद्रसपाटीपासून शिखरापर्यंतची ही उंची ८-बिटमध्ये बसवली तर एका छटेपासून पुढच्या छटेपर्यंत सुमारे साडेसहा मीटरची उडी पडते आणि डोंगराला शेताच्या बांधासारखे टप्पे दिसू लागतात. १६-बिटमध्ये हीच उडी अडीच सेंटिमीटरवर येते. स्वस्त आवृत्ती १६-बिट फाइल बाहेर देत नसेल, किंवा त्रिमितीय मॉडेल कोणत्याही सर्वमान्य स्वरूपात काढू देत नसेल, तर तिथे वाचवलेला पैसा पुढे महागात पडतो. कंपनी बंद पडली, विकली गेली किंवा किंमत परवडेनाशी झाली, तर आपले वर्षानुवर्षांचे काम तिच्याच फाइलमध्ये अडकून राहते. माहिती आत आणण्याची सोयही याच दृष्टीने तपासावी. एंडेव्हर अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत रडारने मोजलेली पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची ३० मीटरच्या जाळीत फुकट मिळते. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅटवरून तयार केलेली उंचीची माहिती आहे. सह्याद्रीचे खरे डोंगर वापरायचे असतील तर ही माहिती सरळ उघडणारी साधी आवृत्ती, ती न उघडणाऱ्या महागड्या साधनापेक्षा कितीतरी उपयोगाची.

दुसरी अडण्याची जागा परवान्याची, आणि इथे चूक झाली तर नुसत्या गैरसोयीवर भागत नाही. टेराजेन या निसर्गदृश्यांच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती बिगर-व्यावसायिक वापरापुरती आहे. स्केचअपची फुकट वेब आवृत्तीही वैयक्तिक कामासाठीच. विद्यार्थ्यांना मिळणारे शैक्षणिक परवाने शिक्षणापुरते असतात. त्यावर एखाद्या नातेवाइकाच्या बंगल्याचे चित्र काढून पाच हजार रुपये घेतले तरी ते व्यावसायिक काम ठरते. उलट ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरवर असे बंधन नाही. २००२ साली लोकांनी एक लाख युरो जमवून त्याचा मूळ कोड खुला करून घेतला, तेव्हापासून कुणीही त्यावर कमाई करू शकतो. एपिक गेम्सच्या ट्विनमोशनचा नियम तर आपल्याकडच्या छोट्या कार्यालयांनी नीट वाचण्यासारखा आहे. ज्या कंपनीची वार्षिक उलाढाल दहा लाख डॉलरपेक्षा कमी, तिला ते २०२४ पासून विनामूल्य आहे, तेही व्यावसायिक कामासाठी. दहा लाख डॉलर म्हणजे आठ कोटी रुपयांहून जास्त. नाशिक, सातारा किंवा रत्नागिरीतल्या दोन-चार माणसांच्या कार्यालयाला ही मर्यादा ओलांडण्याची चिंता करण्याचे कारण नाही. ती ओलांडली तर माणशी वर्षाला ४४५ डॉलर, म्हणजे सदतीस हजार रुपयांच्या पुढे, आणि वर १८ टक्के जीएसटी. किमतीची तुलना करताना हा कर आणि डॉलरचा चढता भाव विसरले जातात, म्हणून अंदाजपत्रकात ते आधीच धरावेत.

संगणकाचा विचार न करता घेतलेली आवृत्ती कपाटातच राहण्याची शक्यता मोठी. टेराजेनचे रेंडरिंग मुख्य प्रोसेसरवर चालते. लुमियन आणि ट्विनमोशन या सॉफ्टवेअरना दमदार ग्राफिक्स कार्ड लागते. अर्ध्या मिनिटाची फिरती चित्रफीत करायची तर सेकंदाला २५ या हिशेबाने ७५० चित्रे होतात. एका चित्राला दहा मिनिटे लागली तर १२५ तास, म्हणजे पाच दिवसांहून अधिक काळ संगणक अखंड चालू. प्रोफेशनल परवान्याने हे तास सहसा कमी होत नाहीत. ते कमी होतात वेगवान प्रोसेसरने आणि भरपूर रॅमने. वरच्या आवृत्तीत अनेकदा काम बऱ्याच संगणकांवर वाटून देण्याची सोय असते, पण ज्याच्याकडे दुसरा संगणकच नाही त्याने तिचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

झाडांच्या संग्रहाबद्दलही थोडे. वरच्या आवृत्तीत हजारो तयार वस्तू मिळतात असे सांगितले जाते. ही सॉफ्टवेअर मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या बाजारासाठी बनतात, त्यामुळे ओक, मेपल, बर्च विपुल असतात. कोकणातल्या जागेच्या चित्रात मेपलची रांग दाखवणे ही माझ्या मते ग्राहकाची दिशाभूल आहे, कारण तो त्या सावलीचे पैसे देतो आणि ती सावली तिथे कधीच येणार नाही. म्हणून आकडा पाहू नये. आंबा, काजू, करंज, बकुळ, सोनचाफा ही नावे घेऊन शोध करावा आणि सापडली तरच संग्रहाला किंमत द्यावी. न सापडल्यास आपल्याला लागणाऱ्या दहा-पंधरा झाडांची मॉडेल सुटी विकत घेणे किंवा स्वतः घडवणे अधिक शहाणपणाचे. ती पुढच्या प्रत्येक कामात वापरता येतात, सॉफ्टवेअर बदलले तरी.

यावर काही आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की काम वाढले तर खालची आवृत्ती पुन्हा बदलावी लागेल, मग दोनदा खर्च कशाला? अनेक कंपन्या किमतीतला फरक भरून वर जाऊ देतात. ती अट खरेदीपूर्वी तपासली की हा आक्षेप बराचसा सुटतो. शिवाय वाढलेल्या कामाच्या कमाईतून केलेला खर्च आणि अपेक्षेवर काढलेले कर्ज यांत फरक आहे. दुसरा आक्षेप ब्लेंडरसारख्या फुकट साधनाबद्दल: शिकायला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा. हे खरे आहे. पुढच्या आठवड्यात चित्र द्यायचे असलेल्या कार्यालयाला मी ब्लेंडरकडे पाठवणार नाही; त्याने झटपट चित्र देणारे ट्विनमोशनसारखे साधन घ्यावे. ज्याच्यापुढे शिक्षणाची दोन वर्षे आहेत त्याच्यासाठी मात्र उत्तर वेगळे येते. तिसरा आक्षेप वर्गणीच्या बाजूचा: एकरकमी किंमत परवडत नाही, महिन्याचे भाडे परवडते. तीन महिन्यांचे एकच मोठे काम हाती असेल तर तेवढ्यापुरती वरची आवृत्ती भाड्याने घेणे मला पूर्णपणे रास्त वाटते. वर्षभर तुरळक काम असणाऱ्याने ते भाडे भरत राहणे मात्र तोट्याचे. स्केचअप बनवणाऱ्या ट्रिम्बल कंपनीने त्याच्या कायमच्या परवान्यांची विक्री २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बंद केली, तेव्हा एकदाच पैसे भरून निश्चिंत होण्याची वाट हळूहळू बुजत चालली आहे हे दिसले. जिथे ती अजून उघडी आहे तिथे तिला झुकते माप द्यावे.

राहिला क्रॅकचा प्रश्न. ‘सगळेच वापरतात’ हे समर्थन कायद्यापुढे टिकत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी नसेल तरच न्यायालय कैदेऐवजी दंडावर सोडू शकते. पण मला कायद्याहून अधिक काळजी या सवयीच्या उगमाची वाटते. महाविद्यालयात विद्यार्थी शैक्षणिक परवान्यावर सर्वांत वरची आवृत्ती शिकतो, पदवीबरोबर तो परवाना संपतो, आणि जे एकच साधन येते ते विकत घेण्याइतके पैसे हातात नसतात. क्रॅककडे जाणारा रस्ता इथून सुरू होतो. वास्तुकला आणि ॲनिमेशन शिकवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, महागडे साधन जरूर शिकवा, पण त्याबरोबर कमाईसाठी मोफत वापरता येणारे निदान एक साधन प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात द्या आणि परवान्याच्या अटी वाचणे हा अभ्यासक्रमाचाच भाग करा.