ॲडमिनची जबाबदारी

व्हॉट्सॲपवरील एका गटात एका सभासदाने त्याच गटातील एका स्त्रीविषयी अत्यंत हीन भाषा वापरावी, तिने गटाच्या चालकाकडे दाद मागावी आणि त्या चालकाने त्या सभासदास ना दूर करावे, ना माफी मागावयास लावावे, उलट आपली असहायता प्रकट करून स्वस्थ बसावे, असा आरोप असलेले एक प्रकरण गोंदिया जिल्ह्यात २०१६ मध्ये उद्भवले. ते मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले आणि मार्च २०२१ मध्ये खंडपीठाने चालकावरील खटला रद्द केला. समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत सिद्ध झाल्याखेरीज, दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल चालकास फौजदारी गुन्हेगार ठरविता येणार नाही, कारण सभासद घेणे वा काढणे यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नाही आणि मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी तो अडविण्याचे साधन तर मुळीच नाही, असे न्यायालयाने म्हटले. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये हाच दृष्टिकोन स्वीकारला.

कायदा म्हणून हा निर्णय योग्यच आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तर असे म्हटले होते की, बदनामीच्या मजकुराबद्दल चालकास धरणे म्हणजे वृत्तपत्राच्या कागदाच्या उत्पादकास धरण्यासारखे आहे. ही उपमा आमच्याच व्यवसायातील असल्यामुळे तिच्यासंबंधी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे. कागद बनविणाऱ्यास त्यावर पुढे काय छापले जाईल हे ठाऊक नसते, आणि छापल्यावर ते पुसूनही टाकता येत नाही. संपादक मजकूर आधी वाचतो, म्हणून तो उत्तरदायी. गटाचा चालक या दोहोंच्या मधला आहे. तो मजकूर आधी वाचत नाही, पण नंतर वाचतो. आणि २०२२ पासून दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याची सोयही त्यास लाभली आहे. म्हणजे न्यायालयाने ज्या असमर्थतेचा विचार केला तिचा एक भाग आज उरलेला नाही. फौजदारी दायित्व नाही म्हणून कर्तव्यही नाही, असा जो सोयीस्कर अर्थ या निकालातून काढला जातो तो आम्हांस मान्य नाही. मजकूर पाहिल्याच्या क्षणापासून चालकाचे कर्तव्य सुरू होते.

शहरातील वाचकांस हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. नको असलेला गट सोडून दुसऱ्यात जाणे त्यांस सहज शक्य असते. परंतु आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या गावाचा विचार करावा. पाणी केव्हा येणार, वीज केव्हा जाणार, कापसाचा भाव काय, कोणाच्या घरी दुःखद घटना घडली, या वार्ता ज्या गावात एकाच गटातून फिरत असतील तेथे तो गट म्हणजे चावडीच होय. अशा चावडीवर अपमान झालेल्या स्त्रीने गट सोडावा असे सांगणे, म्हणजे अपराध्यास ठेवून फिर्यादीस हाकलणे आहे.

पण याला दुसरीही बाजू आहे, आणि तिची आम्हांस अधिक धास्ती वाटते. सभासद काढण्याचा अधिकार एका बोटाच्या स्पर्शात सामावलेला आहे. ग्रामपंचायतीचा हिशेब विचारणारा, निवडणुकीत विरुद्ध बाजूस उभा राहिलेला, किंवा आंतरजातीय विवाह केलेला माणूस याच स्पर्शाने चावडीबाहेर जाऊ शकतो. जातपंचायतींचे जुलूम पाहूनच महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. गटातून काढणे हा त्या कायद्यातील बहिष्कार असे आम्ही म्हणत नाही. वृत्ती मात्र तीच असू शकते.

मग शिस्त राखावी कशी? विधानसभेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ५ जुलै २०२१ रोजी भाजपच्या बारा आमदारांस, तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून, एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव अवैध ठरविला. सभागृहाच्या नियम ५३ प्रमाणे शिक्षा पायरीपायरीने वाढते: प्रथम त्या दिवसापुरते बाहेर, त्याच अधिवेशनात पुन्हा प्रसंग आल्यास फार तर अधिवेशनाच्या उरलेल्या काळापुरते. निलंबन हे कामकाज सुरळीत चालावे म्हणून असते. अधिवेशनापलीकडे ते नेणे अनाठायी, कारण तेवढा काळ मतदारसंघच प्रतिनिधीवाचून राहतो, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. आमदारांस जे संरक्षण मिळाले ते गावच्या साध्या सभासदास न्यायालयात न जाता का मिळू नये?

त्यासाठी मोठा खटाटोप नको. नियम चार ओळींचे असावेत आणि सभासद होतानाच प्रत्येकास कळावेत. आक्षेपार्ह संदेश तत्काळ काढावा. माणसाला काढण्याची मात्र घाई करू नये. त्यास एकदा समज द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे, आणि काढावेच लागले तर किती दिवसांसाठी व कशासाठी, हे सर्वांसमक्ष सांगावे. चालक एकच नसावा, म्हणजे खुद्द चालकाविरुद्धची तक्रार दुसऱ्याकडे नेता येईल. आणि ज्या गटात स्त्रिया आहेत तेथे चालकांत निदान एक स्त्री असावी. आपल्याविषयी लिहिलेले अभद्र शब्द दाखवून न्याय मागण्यासाठी तरी तिला पुन्हा एखाद्या पुरुषाच्या दारात उभे राहावे लागू नये.