ठिगळ आणि स्वाभिमान

इंग्लंडमध्ये थंडी सुरू झाली की लोकरीचे कपडे कपाटातून बाहेर निघतात आणि कोपराशी विरलेला स्वेटर आपल्या घरांत बहुधा टाकून दिला जातो. याच देशात वाढलेली आपली मुले मात्र तो वेगळ्या रंगाच्या लोकरीने रफू करून कौतुकाने मिरवू पाहतात. वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही. ‘एवढे शिकून ठिगळच लावायचे का?’ हा त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

त्यामागे इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना प्रेतांची वस्त्रे नेमून दिली. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ ठरवला गेला. ज्यांच्या पूर्वजांवर दुसऱ्यांनी टाकलेले वस्त्र अंगावर घेण्याची सक्ती होती, त्यांच्या लेखी कोरे कापड ही चैन नव्हे, मुक्तीची खूण होती.

परंतु दुसऱ्याने टाकलेले आणि आपण जपलेले यांत मूलभूत भेद आहे. पहिल्यात निर्णय देणाऱ्याचा असतो, दुसऱ्यात आपला. 1927 च्या डिसेंबरात महाड येथे स्त्रियांना उपदेश करताना बाबासाहेबांनी हाच भेद स्पष्ट केला होता. वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील, ते स्वच्छ असावे, आणि काय ल्यावे हे ठरवण्याचे आपले स्वातंत्र्य कोणीही हिरावू शकत नाही, असा त्या उपदेशाचा आशय होता. विनयपिटकातही उदेन राजा आनंदाला जुन्या चीवरांचे काय करता, असे विचारतो. त्यांची आच्छादने होतात, मग बिछायती, मग पायपुसणी आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवली जाते, असे उत्तर त्याला मिळते. हे दैन्य नव्हे, विवेक आहे.

लोकर तर दुरुस्तीला विशेष अनुकूल. छिद्राभोवतीच्या शाबूत विणीपासून आरंभ करून आधी उभे धागे घालावेत, मग त्यांतून एक वर, एक खाली असे आडवे धागे ओवावेत. धागा ताणू नये. मनगटाची पट्टी झिजली तर तेवढीच उसवून नवे टाके उचलावेत आणि सुलट-उलट वीण घालावी. स्वेटर कोमट पाण्यातच धुवावा. गरम पाण्यात चोळल्यास लोकर आटून घट्ट होते. उन्हाळ्यात ठेवण्यापूर्वी तर तो धुतलाच पाहिजे, कारण कसरीच्या अळ्या घाम व अन्नाचे डाग असलेली लोकर आधी खातात.

1941 ते 1949 या काळात ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन होते. आपल्या शेजाऱ्यांच्या आज्यांनी तेव्हा हेच केले, आणि त्यांची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही.

म्हणून या हिवाळ्यात सुई आणि लोकर घरात आणावी. ती मुलींइतकीच मुलांच्या हातीही द्यावी. हे काम बाईचे, ही समजूत आपण येथवर वाहून आणण्याचे कारण नाही. मात्र टाके शिकवताना त्यांना मढ्यावरच्या कापडाची हकीकतही सांगावी. आजी नव्या वस्त्रासाठी का आग्रही होती, हे कळलेले मूल रफू केलेला स्वेटर अधिक जाणतेपणाने घालील.

जय भीम!