राणीचा प्रश्न आणि टपरीवरचं उत्तर

आर्थिक मंदीवर मत नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. काल टपरीवर २००८चा विषय निघाला आणि कटिंग संपायच्या आत निकालही लागला: "अमेरिकेतल्या बँका हावरट, भोगलं जगानं!" पूर्वी मी अशा गप्पांना हसायचो. आता नाही हसत.

कारण त्या वर्षीचा सगळ्यात चांगला प्रश्न कुठल्या अर्थतज्ज्ञाने नाही, तर ८२ वर्षांच्या एका आजीबाईंनी विचारला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेली होती. लेहमन ब्रदर्स बुडून दोन महिनेही झाले नव्हते. तिथल्या विद्वानांना तिने साधंच विचारलं, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? लेखी उत्तर आलं थेट जुलै २००९ मध्ये, तीन पानी! सार काय, तर जो तो आपापलं काम नीट करत होता, पण सगळं मिळून काय होतंय हे कुणी पाहिलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्या युनिट टेस्ट पास, आणि सिस्टिम प्रॉडक्शनला आडवी :)

अर्थात, लक्षात आलंच नव्हतं असंही नाही. रघुराम राजन यांनी २००५ मध्येच जॅक्सन होलच्या परिषदेत धोक्याची सूचना दिली होती. तिथे त्यांच्यावरच टीका झाली.

मग टपरीवाले बरोबर? माझ्या मते अर्धेच. बँकांनी ऐपत न बघता कर्जं वाटली, त्यांची गाठोडी बांधून पुढच्याच्या गळ्यात मारली, हे खरंच. पण 'घराचे भाव कधी पडत नाहीत' हा भरवसा एकट्या बँकांचा नव्हता. तो घर घेणाऱ्यांचाही होता. आपल्याकडेही जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला तेव्हा "अजून चढणार" म्हणणारे आणि ऑक्टोबरमध्ये तो ८ हजारांखाली आल्यावर "मला माहीतच होतं" म्हणणारे काही वेगळे नसावेत.

असो. हे सगळं आज का आठवलं? मंदीचा निकाल लावून झाल्यावर त्याच मंडळींनी, त्याच बाकड्यावर, मला सल्ला दिला: "वीस वर्षांचं कर्ज काढ आणि फ्लॅट घेऊन टाक. पुण्यात भाव कधी पडत नाहीत रे!"

मी मान डोलावली. घरी येऊन मात्र ईएमआयचा हिशोब परत मांडायला घेतलाय, या वेळी सहा महिने पगार नाही असं धरून.